आठ महिने स्टॅटिस्टिक्स शिकल्यावर: सगळं अडलं ते एका ‘वजा १’पाशी

आठ महिन्यांपासून हा सशुल्क ऑनलाइन कोर्स करतेय. गाडी अडली तिसऱ्या महिन्यात, आठ आकड्यांवर: २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. स्प्रेडशीटमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप, आलं २.१४. तेच आकडे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नमपाय या गणिताच्या लायब्ररीत टाकले, तर २.

दोन संध्याकाळी मी टायपिंगची चूक शोधत बसले. शेवटी कोर्सच्या मदत विभागाला विचारलं. नऊ दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, ‘सॉफ्टवेअरनुसार थोडा फरक पडतो.’ पैसे मोजून हे ऐकायचं? तो राग अजून गेलेला नाही.

खरं उत्तर नमपायच्या फुकट माहितीपानावर होतं. तिथे डीडीओएफ नावाचा पर्याय आहे, भागताना आकड्यांच्या संख्येतून किती वजा करायचे ते सांगणारा. आपण काही सांगितलं नाही तर तो ० धरला जातो आणि सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांच्या बेरजेला आठाने भागून वर्गमूळ काढतात. स्प्रेडशीटचं नमुन्यासाठीचं (मोठ्या गटातून उचललेल्या थोड्या आकड्यांसाठीचं) सूत्र साताने भागतं, पांडाज ही पायथनचीच दुसरी लायब्ररीही साताने. पण एक कमी का? ते वहीत मांडल्यावर कळलं. सरासरी ५, तिच्यापासूनची अंतरं −३, −१, −१, −१, ०, ०, २, ४. बेरीज शून्य, आणि ती कायम शून्यच येणार. शेवटचा ४ बोटाने झाकला तरी आधीच्या सातांवरून तो सांगता येतो. म्हणजे मोकळी अंतरं सातच.

तरी खात्री पटेना, म्हणून पायथनला फासा टाकायला लावला. फाशाचं खरं प्रचरण, म्हणजे व्हेरिअन्स (स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग), २.९२. तीन-तीन फेकींचे दहा हजार नमुने काढले. प्रत्येक वेळी तिनाने भागलं तर सरासरी १.९४च्या आसपास, दोनाने भागलं तर २.९२च्या आसपास! नमुना स्वतःच्याच सरासरीपासून मोजला की पसरण कमी दिसते, ती तूट हा ‘वजा १’ भरून काढतो. एवढं सांगायला कोर्सला दहा मिनिटं पुरली असती.

इथवर एकच तारा देणार होते. सहाव्या महिन्यातल्या आलेखांच्या धड्याने मत बदललं. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस ॲन्सकम यांनी १९७३ साली मांडलेले चार डेटासंच त्यात स्वतः काढायला लावतात. प्रत्येकात ११ बिंदू, चारही ठिकाणी सरासऱ्या जवळपास त्याच, सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात त्याचं माप) ०.८२. काढून बघितलं तर एक साधा विखुरलेला, एक वक्र, एकात सरळ रेषेबाहेर उडालेला एकच बिंदू, आणि चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या रेषेत. तेव्हापासून आलेख काढल्याशिवाय मी सरासरीसुद्धा कुणाला सांगत नाही. या धड्यासाठी तीन तारे.

डेटा साफ करण्याचे धडे ठीक आहेत.

आता वर्गणी संपतेय आणि पुढचा भाग रिग्रेशनचा, म्हणजे बिंदूंमधून सरळ रेषा बसवण्याचा, आहे. तिथे रेषेपासूनच्या चुकांच्या प्रचरणासाठी बिंदूंच्या संख्येतून २ वजा करून भागतात, हे मी आधीच बघून ठेवलंय. ते का, हे त्या भागाच्या नमुन्यादाखल दाखवलेल्या धड्यात सांगितलं असेल तरच पुढचे पैसे भरणार.