लातूरचं बीएड कॉलेज, दोन वर्षांचा हिशोब

एमए मराठी झालं पण बीएड बिगर शाळेत कोण उभं करतंय, म्हणून सीईटी देऊन लातूरच्या एका कॉलेजला नंबर लावला, नाव नाही घेत. थिअरीचे निम्मे तास झालेच नाहीत आन हजेरी मात्र फुल्ल, फाईलींचा खर्च येगळाच. पण इंटर्नशिप लई भारी झाली बरं का, औशाकडच्या झेडपी शाळेत सहावीला वाक्प्रचार शिकवताना खडू दोनदा मोडला तर मागचं पोरगं म्हणतंय, "सर, घाबरायलाव का?" तिथंच खरं शिकलो. आन नुसत्या डिग्रीवर काही होत नाही, ओपनवाल्याला टीईटीत (शिक्षक पात्रता परीक्षेत) १५० पैकी ९० पाहिजेत, त्याची तयारी कॉलेजनं एक दिवस घेतली नाही, शेवटी जुने पेपर झेरॉक्स करून घरीच सोडवत बसलो.