खारघरच्या दमट घरात डीह्युमिडिफायर: घ्यावा का?

डीह्युमिडिफायर म्हणजे खोलीतल्या हवेतली ओल काढून घेणारं मशीन. माझं उत्तर हो, घ्यावा. पण भिंत बाहेरून झिरपत नसेल तरच.

आमचं घर डोंगराच्या बाजूला आहे आणि बेडरूमची भिंत पश्चिमेला, म्हणजे जून ते सप्टेंबर झड सरळ तिच्यावरच. चामड्याच्या चपला, बेल्ट, सासऱ्यांची पुस्तकं सगळ्यावर पांढरट-हिरवी बुरशी, डब्यातले पापड सादळलेले, धुतलेल्या चादरींनाही कुबट वास. त्यात सासूबाईंना दमा, त्यामुळे चालवून घेण्यासारखं नव्हतंच. कपाटात ठेवायचे ते ओल शोषणारे डबे बंद कपाटापुरते बरे आहेत, अख्ख्या खोलीला त्यांचा काही उपयोग नाही. आणि डांबरगोळ्या किड्यांसाठी असतात, ओलीसाठी नाही.

म्हणून २० लिटरवाला घेतला, कंप्रेसरचा. फॅन खोलीतली हवा ओढतो, आतल्या थंड कॉइलवर हवेतल्या वाफेचं पाणी होतं आणि टाकीत जमा होतं. २० लिटर हा निघणाऱ्या पाण्याचा आकडा ३० डिग्री, ८० टक्के ह्युमिडिटी (हवेतला दमटपणा) आणि २४ तास चालवलं तर असा असतो, टाकी तेवढी मोठी नसते, भरली की मशीन आपोआप बंद पडतं. आम्ही मागून पाइप लावून बाथरूमच्या जाळीत सोडलाय, सारखं उठून ओतायची कटकट गेली. खोली कोरडी होत जाते तसं पाणी कमी निघायला लागतं, तेव्हा मशीन बिघडलं म्हणून घाबरू नका.

सोबत एक ह्युमिडिटी मीटर नक्की घ्या, स्वस्तात मिळतो. पावसात आमच्याकडे ८५ च्या वर दाखवायचा, आता खिडक्या बंद करून मशीन लावलं की ५५ वर येतो. ६० च्या खाली राहिलं की बुरशीला वाढायला अवघड जातं, त्यामुळे ४० पर्यंत नेत बसू नका, फुकट वीज जाते. आमचं साधारण ३०० वॉटचं आहे, म्हणजे ८ तासांना अडीच युनिटच्या आतबाहेर. एक त्रास आहे, खोली गरम होते आणि कंप्रेसरचा आवाज येतो, म्हणून आम्ही दुपारी कपाटाची दारं उघडी टाकून लावतो, रात्री झोपताना नाही. ओले कपडे त्याच खोलीत दोरीवर घालते, पावसाळ्यात मला सगळ्यात जास्त फायदा याचाच झालाय कारण नाहीतर कपड्यातलं सगळं पाणी घरातल्या हवेतच राहतं ना.

आता ती भिंतीची अट. घ्यायच्या आधी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून एकदोन दिवस चिकटवून ठेवा. खोलीकडच्या बाजूला दव आलं तर हवेतली ओल, तिथे मशीन काम करेल. प्लास्टिकच्या मागे भिंत ओली झाली तर पाणी भिंतीतून येतंय. आमच्याकडे छज्जाच्या वरचा एक कोपरा असाच होता, बाकी खोली खडखडीत कोरडी झाली तरी तिथे पुट्टीचे पोपडे पडतच राहिले, पावसाळ्यानंतर सोसायटीने बाहेरून भेगा भरून वॉटरप्रूफिंग केलं तेव्हाच थांबलं. अशा भिंतीसाठी मशीन घेऊ नका, ते पैसे बाहेरच्या कामाला लावा.

आधीच आलेली बुरशी मशीनने जात नाही, ती पुसावीच लागते. मास्क, ग्लोव्ह्ज घालून, खिडकी उघडी ठेवून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, कोरडी झाडली तर घरभर उडते. दमा असलेल्या माणसाला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवा. ब्लीच वापरणार असाल तर अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि वरून नुसता रंग मारून घेऊ नका, आतून परत वर येते.

मशीनचं पाणी प्यायचं नाही, लादी पुसायला चालतं. फिल्टर काढून नळाखाली धुता येतो, तो तुंबला की पाणी कमी निघतं. घेताना सर्व्हिस सेंटर नवी मुंबईत आहे का ते विचारून घ्या, मशीन जड आहे, रिक्षात घालून नेण्यातलं नाही.