कथकच्या 'विशारद' ताई आणि आमचे 1,35,100 रुपये

मुलीच्या कथकच्या क्लासवर गेलेला आकडा आधी लिहून टाकते, कारण नातेवाइकांना सांगताना मी तो 'साठ-सत्तर हजार' असा कमी करूनच सांगत आले. महिना 1,500 प्रमाणे 44 महिन्यांचे 66,000. पाच परीक्षांचे प्रत्येकी 3,500. पोशाखाचे 9,200, घुंगरांचे 2,400. आणि रंगमंचप्रवेशासाठी, म्हणजे तिच्या पहिल्या जाहीर एकल कार्यक्रमासाठी, हॉल नि साथीदारांचे आगाऊ 40,000. तो रंगमंचप्रवेश कधी झालाच नाही.

मुलगी सातवीत गेली तेव्हा, जून 2021 मध्ये क्लास लावला. सुरुवातीला सगळं मोबाइलवर चालायचं, त्यामुळे समोर बसून काही बघायचा प्रश्नच नव्हता. पत्रक मात्र छान होतं. 'कथक विशारद' (विशारद ही नृत्यातली वरच्या पातळीची परीक्षा), त्याखाली 'गुरू रोहिणी भाटे यांच्याकडे 2010 ते 2014 तालीम', आणि एका मोठ्या नर्तकासोबतचा फोटो. फोटो कार्यशाळेतला होता. शंभर जण रांग लावून काढतात तसला. हे आता कळतंय.

रोहिणीताई म्हणजे पुण्यातल्या नामवंत कथक गुरू, आणि त्या ऑक्टोबर 2008 मध्येच वारल्या. पुण्यात नृत्याशी थोडाफार संबंध असलेल्या कुणालाही हे माहीत असेल. मला नव्हतं. ते पत्रक तीन वर्षं आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं आणि रोज दूध काढताना मी ते बघत होते. कुणाचा भरतनाट्यमचा क्लास असो की गाण्याचा, गुरूचं नाव सांगितलं की सालं जुळवून बघा. पाच मिनिटं लागतात.

पण मला खरा जाळणारा दिवस हे कळलं तो नाही. आमचे सासरे, अण्णा, गावी भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवत होते. नववीच्या दिवाळीत ते आमच्याकडे होते आणि लेकीला आणायला माझ्याबरोबर क्लासला आले. आत झपताल चालला होता. ताई हातावर ताल धरून मुलींकडून पढंत, म्हणजे बोल तोंडी म्हणणं, करून घेत होत्या. अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "अगं, झपतालाची खाली सहाव्या मात्रेला असते. या बाई तिथे टाळी देतायत. दोनदा दिली." खाली म्हणजे जिथे टाळी न देता हात नुसता बाजूला करायचा ती जागा. मी त्यांना गप्प केलं. म्हटलं, "अण्णा, भजनातलं वेगळं, कथकचं वेगळं." ते एवढंच म्हणाले, "झपताल झपतालच असतो." मग घरी येईपर्यंत बोलले नाहीत. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दहा मात्रा. ज्या माणसाने आयुष्यभर त्या मोजल्या त्याला मी गप्प बसवलं, आणि त्यानंतर सव्वा वर्ष पैसे भरत राहिले.

कुणी म्हणेल, आईला कळायला नको का? मी नाच शिकलेली नाही. मुलगी खुशीत होती, स्नेहसंमेलनात टाळ्या मिळत होत्या, आजूबाजूच्या तीस घरांतल्या मुली तिथेच जात होत्या. संशय घ्यायचा कुणाचा?

शिवाय गाजर होतं वाढीव गुणांचं. शास्त्रीय नृत्याच्या पाच परीक्षा झाल्या की दहावीला 15 गुण, हे खरं आहे. पण परीक्षा घेणारी संस्था शासनाच्या यादीत असावी लागते, हे ताई कधी बोलल्या नाहीत. शाळेत प्रस्ताव द्यायला गेले तेव्हा बाईंनी प्रमाणपत्रं उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "हे नाव यादीत नाही." नाव संगीत-नृत्याच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळासारखंच वाटेल असं, दोन शब्द इकडचे तिकडे. ताईंची भिंतीवरची चौकट नंतर जवळ जाऊन वाचली. त्यांचं 'विशारद'ही त्याच संस्थेचं.

प्रारंभिक या पहिल्या परीक्षेपासून मध्यमा पूर्ण या पाचवीपर्यंत, साडेतीन वर्षांत पाच परीक्षा, तेव्हाच खटकायला हवं होतं. मध्यमेला लेखी पेपर असतो, आमच्या मुलीने एकही लिहिला नाही. परीक्षा क्लासमध्ये झाली यात गैर नाही, चांगल्या क्लासमध्येही केंद्र असतं. पण परीक्षक मंडळाने पाठवलेला असतो. इथे परीक्षक म्हणून आलेल्या बाई पुढच्या महिन्यात त्याच क्लासच्या सहलीला होत्या.

मग तक्रार. चौकीत सांगितलं, ठाण्यात जा. ठाण्यात विचारलं, "मुलीला नाच येतो ना? मग फसवणूक कसली?" मी फसवणुकीचं कलम 318 म्हटलं तर साहेब हसले आणि हा दिवाणी मामला आहे म्हणाले. अर्ज घेतला, पोच दिली नाही. तिसऱ्या खेपेला तो अर्जच सापडेना. शिक्षण खात्याच्या कार्यालयात ऐकवलं, "खाजगी नृत्यवर्ग आमच्याकडे येत नाहीत." मग कुणाकडे येतात? त्याला उत्तर नाही. वडापावच्या गाडीला परवाना लागतो, आणि तीस मुली रोज जिथे जातात तिथे शिकवणारी कोण हे विचारणारं कुणी नाही! चार अर्ध्या रजा, अकरा फेऱ्या, आणि प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न: "पावती आहे का?" पावती नव्हती. सगळं फोनवरून पाठवलेलं. त्याचे स्क्रीनशॉट त्यांना पुरावा वाटत नाहीत. म्हणून सांगते, पहिल्या महिन्यापासून पावती मागा. पहिल्या महिन्यात मागायला संकोच वाटत नाही, तिसऱ्या वर्षी वाटतो.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बँकेच्या नोंदी तिथे जोडल्या आहेत. क्लासमधल्या उरलेल्या पालकांनी सही द्यायला नकार दिला. त्यांच्या मुली अजून तिथेच आहेत.

मुलगी नवीन गुरूंकडे पुन्हा प्रारंभिकला बसली, सात वर्षांच्या पोरींबरोबर. पहिल्या दिवशी रडली. तिथे मी आधी विचारलं, कुठल्या मंडळाच्या, कुठल्या वर्षी, कुणाकडे शिकलात. त्यांनी न विचारता मूळ प्रमाणपत्रही समोर ठेवलं. अण्णांना फोन करून हे सांगितलं, तर म्हणाले, "ताल विचारलास का?"

परवा जुन्या क्लासवरून गेले. जूनच्या प्रवेशाचा नवा फलक लागला आहे. माझी तक्रार गेल्यावर त्यात एकच दुरुस्ती झाली आहे: तालमीची सालं आता 2004 ते 2008 आहेत.