कंट्रोल सिस्टिमच्या लॅबसाठी सायलॅब: काय जमतं, कुठे फसवतं

मॅटलॅब या गणिती आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स परवडत नाही, म्हणून त्याच कामाचं मोफत सायलॅब. बहुतेक कॉलेजांत सायलॅब याच वाटेने येतं आणि त्यामुळेच त्याच्यावर अन्याय होतो. जुनं लॅब मॅन्युअल तसंच ठेवायचं, फक्त नाव बदलायचं आणि मग उत्तरं चुकली की सॉफ्टवेअरला बोल लावायचा. सेकंड आणि थर्ड इयरच्या कंट्रोल सिस्टिम, न्यूमेरिकल मेथड्स आणि प्राथमिक सिग्नल्सच्या प्रॅक्टिकलना सायलॅब पुरून उरतं, पण मॅन्युअल नव्याने लिहायची तयारी हवी.

सायलॅबची सुरुवात १९९० मध्ये फ्रान्समधल्या इन्रिया या संशोधन संस्थेत झाली. ६.० आवृत्तीपासून ते जीपीएल या मुक्त वापराची मोकळीक देणाऱ्या लायसन्सखाली आहे. म्हणजे लॅबमधल्या सगळ्या मशीनवर, शिक्षकांच्या लॅपटॉपवर आणि विद्यार्थ्याच्या घरीही तेच सॉफ्टवेअर चालतं. आदल्या रात्री घरी प्रोग्रॅम चालवून बघता येणं ही प्रॅक्टिकलच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे.

मॅटलॅबचा कोड उचलून इथे टाकला की काही चुका लगेच ओरडून सांगितल्या जातात. कॉमेंटला टक्का चिन्ह चालत नाही, दोन तिरप्या रेघा लागतात. पाय (π) लिहिताना मात्र आधी टक्का चिन्ह हवं. ॲरेचा शेवट 'एंड'ने नव्हे, डॉलर चिन्हाने दाखवायचा. यात धोका नाही, एरर येते आणि विद्यार्थी ओळ सुधारतो.

धोका आहे तो एरर न येता उत्तर बदलतं तिथे. मॅटलॅबमध्ये शून्यांची मॅट्रिक्स देणाऱ्या 'झीरोज'ला ३ दिले की ३ बाय ३ मॅट्रिक्स मिळते. सायलॅब त्या ३ ला एका घटकाची मॅट्रिक्स समजतं आणि एकच शून्य देतं. त्यामुळे ३, ३ असं दोनदा लिहायचं. 'वन्स' (सगळे एक) आणि 'आय' (eye, एकक मॅट्रिक्स) यांचंही तेच. बेरजेचं 'सम' तर हमखास गोंधळ घालतं. पहिल्या ओळीत १, २ आणि दुसरीत ३, ४ अशी मॅट्रिक्स दिली, तर मॅटलॅब स्तंभांची बेरीज ४ आणि ६ देतं, सायलॅब सगळ्यांची मिळून १०. स्तंभवार बेरीज हवी असेल तर दुसरं आर्ग्युमेंट म्हणून अवतरणात 'आर' द्यावं लागतं. 'मॅक्स'ही असंच वागतं. न्यूमेरिकल मेथड्सच्या निम्म्या चुका इथेच सापडतील.

सायलॅबच्या बोडे प्लॉटमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार गेन आणि फेज दाखवणाऱ्या आलेखात, आडव्या अक्षावर हर्ट्झ असतात, रेडियन प्रति सेकंद नव्हे. एक भागिले एस अधिक एक या ट्रान्सफर फंक्शनची कॉर्नर फ्रिक्वेन्सी हाताने १ येते, आलेखात ती ०.१६ पाशी दिसते. दोन्ही बरोबर आहेत. २ पायने गुणलं की झालं. अवतरणात 'रॅड' हा पर्याय दिला की अक्षच बदलतो. पण गेन मार्जिन आणि फेज मार्जिनची फंक्शन्स फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्येच देतात, हे जर्नलच्या तक्त्यात एककासकट लिहायला लावावं. शिवाय नवा आलेख जुन्यावरच चढतो, म्हणून प्रत्येक प्लॉटआधी जुना आलेख पुसणारं 'सीएलएफ' द्यावं, नाहीतर प्रिंटआउटमध्ये आधीच्या प्रयोगाची रेघही येते.

मॅटलॅबमध्ये ब्लॉक जोडून मॉडेल चालवणाऱ्या सिम्युलिंकच्या जागी इथे एक्सकॉस आहे. ते दिसायला साधं आणि वापरायला जरा हट्टी. आलेख दाखवणाऱ्या स्कोप ब्लॉकला लाल इव्हेंट इनपुट असतं, त्याला क्लॉक जोडला नाही तर स्कोपवर काहीच उमटत नाही. सिम्युलेशन सेटअपमधली अंतिम वेळ आणि स्कोपचा रिफ्रेश पिरियड सारखा ठेवावा, म्हणजे पूर्ण रिस्पॉन्स एका पानावर मावतो. गेनसारखे बदलते आकडे 'सेट कॉन्टेक्स्ट'मध्ये द्यावेत, प्रत्येक ब्लॉक उघडत बसावं लागत नाही. पीआयडी कंट्रोलरच्या ट्यूनिंगपर्यंत एक्सकॉस छान चालतं. मात्र मॉडेलवरून थेट मायक्रोकंट्रोलरचा कोड काढायचा असेल, तर सिम्युलिंकचा टूलबॉक्सच बरा. सिम्बॉलिक, म्हणजे आकड्यांऐवजी अक्षरांच्या गणितासाठीही सायलॅबच्या मागे लागू नये, तिथे मॅक्सिमा हे सॉफ्टवेअर वापरावं.

आयआयटी मुंबईच्या फॉसी या शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर रुजवणाऱ्या प्रकल्पाने यासाठी केलेलं काम शिक्षकांनी आवर्जून बघावं. नेहमीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅब कोडमध्ये तिथे मोफत मिळतात. स्पोकन ट्युटोरिअल या प्रकल्पाचे सायलॅबवरचे ध्वनिचित्र धडे मराठीतही आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात ते दाखवावेत. पाठ्यपुस्तकांचा बराचसा कोड सायलॅब ५ आवृत्तीच्या काळातला आहे. त्यात मेमरी ठरवणारी 'स्टॅकसाइझ'ची ओळ दिसली तर काढून टाकावी, ६ पासून तिची गरज नाही.

लॅब असिस्टंटसाठी एवढंच: जास्तीचे टूलबॉक्स ॲटम्स या सायलॅबच्या पॅकेज मॅनेजरमधून येतात आणि कॉलेजच्या प्रॉक्सीमागे ते अडकतात. ॲटम्सच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा होस्ट आणि पोर्ट भरावा, किंवा झिप फाइल एकदाच उतरवून प्रत्येक मशीनवर तिचा पाथ देऊन इन्स्टॉल करावी. हे काम बॅच येण्याआधी, ॲडमिन लॉगिनमधून 'ऑल यूजर्स' पर्यायाने करावं. विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून केलं तर टूलबॉक्स त्या एका लॉगिनपुरताच राहतो.