टीएलए प्लस: आठ महिने वापरून झाल्यावर

बसच्या सीट बुकिंगचं बॅकएंड माझ्याकडे आहे. एकाच सीटवर दोन प्रवासी, हे आमचं जुनं दुखणं. टेस्ट सगळ्या हिरव्या, रिव्ह्यू दोनदा झालेला, तरी सण आला की तक्रार हजर. शेवटी वैतागून टीएलए प्लस घेतलं. संगणकशास्त्रातलं 2013 चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालेल्या लेस्ली लॅम्पोर्ट यांची ही भाषा, सिस्टिम कशी वागू शकते ते नेमकं लिहून तपासायची. फुकट आहे, मशीनवर जावा असलं की झालं.

हा प्रोग्राम नव्हे, हे डोक्यात उतरायलाच महिना गेला. 'आधी हे कर, मग ते कर' असं इथे सांगायचंच नसतं. सुरुवातीची स्थिती कशी आणि तिथून पुढे काय काय घडू शकतं, एवढंच लिहायचं. एकदा पैशांचं व्हेरिएबल लिहायचं राहिलं. कोडमध्ये ज्याला हात लावला नाही ते तसंच राहतं. इथे ज्याबद्दल बोललो नाही त्याचं काहीही होऊ शकतं. टीएलसी, म्हणजे असं लिहिलेलं मॉडेल सगळ्या शक्य स्थितींमधून फिरवून तपासणारा प्रोग्राम, तिथेच अडून बसला. मी चिडलो, पण खरं त्याचंच होतं.

मग नियम लिहिला: होल्ड (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती धरून ठेवलेली सीट) ज्याचा, तिकीट त्यालाच. काही सेकंदांत उत्तर आलं. पहिल्याने सीट धरली, पैसे भरले, होल्डची मुदत संपली, दुसऱ्याने तीच सीट धरली, पहिल्याचा 'पेमेंट झालं' निरोप उशिरा आला, तिकीट पहिल्याला. आमचा कोड विचारत होता, 'सीट होल्डवर आहे ना?' कोणाच्या होल्डवर, हे कोणीच विचारलं नव्हतं! ॲमेझॉनच्या इंजिनिअरांनी डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसमध्ये यानेच पकडलेल्या एका चुकीपर्यंतचा माग 35 पायऱ्यांचा होता. आमचा सहाच, आणि तोही आम्हाला दिसला नव्हता.

'पैसे कापले तर कधी ना कधी तिकीट किंवा परतावा' हा नियम मात्र छळतो. काहीच न घडणं हीसुद्धा इथे वैध पायरी. त्यामुळे परतावा देणारा भाग हातावर हात ठेवून बसला, तरी मॉडेलच्या लेखी काही बिघडत नाही. त्याला कामाला लावणारी फेअरनेसची अट वेगळी लिहावी लागते.

तीन प्रवासी, दोन सीट इथवर झटपट. आकडे थोडे वाढवले की लॅपटॉप रात्रभर घरघरतो. आणि मॉडेल बरोबर निघालं म्हणून कोड बरोबर होत नाही, ती जुळणी आपणच डोळ्यांनी करायची. साध्या फॉर्म-भरा-सेव्ह-करा ॲपसाठी कशाला हा उपद्व्याप.

सध्या रद्द तिकिटांचं मॉडेल अर्धवट आहे. प्रवाशाने तिकीट रद्द केलं आणि त्याच क्षणी बसच रद्द झाली, तर परतावा किती? अकाउंट्समध्ये विचारून आलो. तिथे दोघांनी दोन उत्तरं दिली.