गच्चीचं इन्सुलेशन: काम चोख, कार्बनचा हिशेब अर्धवट

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. उन्हाळ्यात स्लॅब रात्री उशिरापर्यंत धगधगत असायचा आणि आईच्या खोलीतला एसी बंद करायची सोय नसायची. म्हणून गच्चीवर ५० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस, म्हणजे फेसासारख्या फुगवलेल्या प्लास्टिकचे, बोर्ड बसवून घेतले. कामासोबत कंत्राटदाराने कार्बन अहवालही दिला.

आधी बोर्डांबद्दल. १५० मिलिमीटरच्या उघड्या काँक्रीट स्लॅबमधून जेवढी उष्णता आत येते, ती या एका थराने साधारण सहाव्या हिश्शावर येते. मी दुप्पट जाडी मागत होते. तंत्रज्ञाने कागदावर गणित मांडून दाखवलं: दुसरा थर फक्त उरलेल्या उष्णतेतली निम्मी अडवणार, पण तो बनवताना होणारं उत्सर्जन मात्र पहिल्याइतकंच. जास्त माल खपवायची संधी असताना त्याने ‘नको’ म्हटलं, हे मी विसरणार नाही.

अहवालाने मात्र निराशा केली. वर्षाला किती किलो कार्बन डायऑक्साइड वाचणार हे पहिल्याच पानावर. बोर्ड तयार होताना किती किलो हवेत गेले ते कुठेच नाही. एक्सपीएसच्या बाबतीत हे वगळून चालतच नाही. फेस फुगवायला एचएफसी-१३४ए वापरला असेल, तर त्या वायूचा १ किलो १०० वर्षांच्या हिशेबात सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, आणि बोर्डातून तो वर्षानुवर्षं झिरपत राहतो. असं कार्बनचं कर्ज विजेच्या बचतीतून फिटायला फार काळ लागतो. कार्बन डायऑक्साइडनेच फुगवलेल्या बोर्डाचं त्यामानाने लवकर फिटतं. तीनदा मागितल्यावर ईपीडी, म्हणजे उत्पादनाचं पर्यावरणीय घोषणापत्र, हाती आलं. आमचे बोर्ड दुसऱ्या प्रकारचे निघाले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

बचत काढताना त्यांनी तिन्ही खोल्यांत एसी धरलाय. आमच्याकडे एकच आहे! आता मी दर रविवारी मीटरचं रीडिंग लिहून ठेवते आणि सारख्याच तापमानाचे आठवडे एकमेकांशी ताडून बघते. नाहीतर सौम्य उन्हाळ्याचं श्रेयही इन्सुलेशनलाच जायचं. वीज कोळशावरची असेल तर वाचलेल्या दर युनिटमागे जवळपास १ किलो कार्बन डायऑक्साइड टळतो, त्यामुळे युनिट खरे असायलाच हवेत.

आईला आता बऱ्याच रात्री नुसत्या पंख्यावर झोप लागते.

कठड्यालगत वीतभर पट्टी उघडी राहिली आहे; त्याखालचं छत अजून हाताला गरम लागतं. ती भरून द्यायचं त्यांनी कबूल केलंय. कामाला पाचपैकी चार, अहवालाला दोन.