महिन्याच्या गोळ्या कुठे लावाव्यात: नागरी आरोग्य केंद्र की फॅमिली डॉक्टर?

घरी आई-वडील दोघेच, मुलं मुंबईला. दोघांना बीपी, एकाला साखर. अशा घराने औषधपाणी शहरातल्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात लावावं की नाक्यावरच्या डॉक्टरांकडे? आमचं मत असं: महिन्याच्या गोळ्या, लसी आणि कुत्रा चावल्याची इंजेक्शनं केंद्रात, ताप, पोटदुखी आणि 'जरा बघा हो डॉक्टर' हे सगळं नेहमीच्या डॉक्टरांकडे. छातीत दुखलं तर दोन्हीकडे न थांबता १०८.

आधी केंद्र आहे का ते बघा. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ साली आलं. त्यात ५० हजारांवरची शहरं आणि ३० हजारांवरची जिल्ह्याची ठिकाणं धरली आहेत. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी ७६ हजार, चिपळूण ५५ हजार. सावंतवाडी मात्र २४ हजारांच्या आत आणि मालवण १९ हजारांच्या. म्हणून सावंतवाडीकरांना ही तुलना उपजिल्हा रुग्णालयाशी करावी लागते, मालवणकरांना ग्रामीण रुग्णालयाशी. तिथे रांग मोठी, पण १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे नाहीत.

बीपीच्या बाबतीत केंद्र खरंच उजवं ठरतं. उपचाराचा क्रम ठरलेला: बहुधा अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, १४०/९० च्या खाली आलं नाही तर टेल्मिसार्टन ४०. गोळ्या एका वेळी ३० दिवसांच्या, कार्डावर प्रत्येक वेळचं माप. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सिंधुदुर्ग पहिल्या टप्प्यातच होता, त्यामुळे तिकडे ही कार्डं लोकांच्या ओळखीची आहेत. घोळ होतो तो वेगळ्याच जागी. पुरवठादार बदलला की गोळीचा रंग आणि पाकीट बदलतं. आजोबांना वाटतं औषधच बदललं, मग ते जुनी-नवी दोन्ही घेतात, नाहीतर दोन्ही सोडतात. पाकिटावरचं नाव आणि मिलिग्रॅम कार्डाशी ताडून बघायची सवय लावा. साठा कधीकधी संपतोही. पावसाळ्यात चार-पाच दिवस आधीच जावं.

नेहमीच्या डॉक्टरांचं बळ म्हणजे ओळख. घरात कुणाला पेनिसिलिन चालत नाही, कोण गोळ्या लपवून ठेवतं, हे त्यांना न सांगता ठाऊक असतं. केंद्रातले वैद्यकीय अधिकारी बरेचदा कंत्राटी. वर्षभरात चेहरा बदलू शकतो. खाजगीपणातही केंद्र कमी पडतं. टेबलाशी दोन रुग्ण एकदम, मागे रांग, आणि बाईमाणसाने अंगावरून जाण्याचं कसं बोलावं? अशा वेळी नर्सला हळूच सांगून शेवटी थांबावं, बहुतेक ठिकाणी ऐकतात.

पण रुग्णाचं सगळंच ऐकणं म्हणजे चांगला उपचार नव्हे. सुई टोचली, सलाइन लावलं की पैसे वसूल झाले असं आपल्याकडे वाटतं, आणि ते पुरवणारे डॉक्टरही आहेत. शिवाय नाव नसलेल्या पुड्या! रात्री जिल्हा रुग्णालयात नेलं तर 'पांढरी गोळी सकाळी, पिवळी रात्री' एवढ्यावर तिथला डॉक्टर काय करणार? औषधांची नावं कागदावर लिहून मागा. मागायला लाजू नये.

कुत्रा चावल्यावर सरकारी ठिकाणी लस बहुधा कातडीत देतात: ०.१ मिली, दोन जागी, दिवस ०, ३, ७ आणि २८. खाजगीत बहुधा स्नायूत, पाच डोस: ०, ३, ७, १४, २८. दोन्ही पद्धती मान्य आहेत, मात्र मधेच एकीवरून दुसरीवर जाऊ नये. कातडीतल्या पद्धतीत एक कुपी अनेकांना पुरते आणि फोडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून 'सकाळी या' असं ऐकू येतं. पुढच्या डोसांना ते चालेल, पहिल्याला नाही. जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्ध तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ते केंद्रात नसेल तर वाट न बघता जिल्हा रुग्णालय गाठा.

नातवंडांच्या बीसीजी आणि गोवर-रुबेलाचं गणितही हेच. उघडलेली कुपी चार तासांत टाकून द्यावी लागते, म्हणून ठरावीक वारीच मुलं बोलावतात. तो वार आधी विचारून घ्या, फेरी वाचते.

वेळेचं म्हणाल तर राज्य सरकारचा 'आपला दवाखाना' दुपारी २ ते रात्री १० असा आखलेला, म्हणजे कामावरून सुटलेल्यांच्या सोयीचा. इतर केंद्रांची वेळ फलकावर बघावी. रविवारच्या तापाला मात्र खाजगी डॉक्टरच सापडतात. जून ते ऑक्टोबरमधल्या तापात, डॉक्टर कुठलेही असोत, शेतात चिखलात उभे होतात का, पुराच्या पाण्यातून चालत आलात का, हे त्यांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची, शंका त्यावरूनच येते. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्ताची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून डॉक्टरांनी दिलेलं डॉक्सिसायक्लिन अर्ध्यावर सोडू नका.